सतरा की अठरा

यशोधराबाई साळवे दर डिसेंबरात एक दिवस सुप्याला जायच्या. अकोल्याहून पहाटेची एसटी, संगमनेरला बदल, नगरला बदल, आणि सुप्याला उतरून पुढे रिक्षा. पिशवीत विळा, चुन्याची पुडी, जुना ब्रश आणि जेवणाचा डबा. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला ओढ्याकडे उतरत जाणारा माळ होता, आणि त्या माळावर त्यांचा दोन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट होता. नंबर सतरा.

सुप्यातून एखादी बाई मजुरीनं सोबत घ्यायची. दोघींनी मिळून गाजरगवत उपटायचं, वेड्या बाभळीची रोपं मुळासकट खणायची, चारी कोपऱ्यांचे दगड चुन्यानं रंगवायचे. मग प्लॉटच्या मधोमध फतकल मारून डबा खायचा. निघताना त्या मजुरीच्या बाईच्या हातात मोबाईल द्यायच्या आणि म्हणायच्या, "माझा एक फोटो काढ. मागची जागा सगळी आली पाहिजे." असे तेरा वर्षांचे तेरा फोटो त्यांच्याकडे होते. हा सगळा उद्योग त्या इतक्या मनापासून करायच्या की मुलगी प्रज्ञा त्यांना चिडवायची, "आई, तू प्लॉटचं ड्रेसिंग करून आलीस का?"

चिडवण्यात तथ्य होतं. यशोधराबाईंची सगळी नोकरी अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात नर्स म्हणून गेली होती. भाताच्या खाचरांमधून, गच्च भरलेल्या जीपच्या दारात लोंबकळत त्यांनी वाड्यावस्त्यांवर लसी पोचवल्या, बाळंतपणं केली. नवरा लवकर गेला, तेव्हा प्रज्ञा नऊ वर्षांची होती. पुढे वेतन आयोगाचा फरक हातात आला तेव्हा बरोबरीच्या नर्सबाईंनी पाटल्या केल्या, यशोधराबाईंनी जागा घेतली. त्यांच्या माहेरी-सासरी कुणाच्याच नावावर कधी वीतभर जमीन नव्हती. वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर राबले. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी तो कागद लॅमिनेट करून आणला, आणि तलाठ्यानं दर वर्षी नवा काढावा लागतो म्हटल्यावर नवेही लॅमिनेट करत गेल्या.

जागा दाखवली होती छगनशेठनं. हा सुप्याचा एजंट. पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर त्यानं नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि हात लांब करून म्हणाला, "सिस्टर, हा रस्त्याकडून तिसरा. सतरा नंबर. कंपन्या वाढल्या की इथं पाय ठेवायला जागा राहायची नाही." दगडावर लाल रंगात सतरा लिहिलेलं होतंच. त्या ओळीत सहा प्लॉट होते, पंधरापासून वीसपर्यंत.

जागा घेणं एका दिवसात झालं. ती सांभाळणं काही होईना. पहिल्या वर्षी त्यांनी सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. दुसऱ्या वर्षी तार नव्हती. तिसऱ्या वर्षी खांबही नव्हते, नुसते खड्डे होते. एकदा कुणीतरी पाडलेल्या भिंतींच्या राडारोड्याच्या पाच-सहा ट्रॉल्या आणून ओतल्या. कुणी ओतल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. ओतायला फुकट होतं, उचलायला मात्र जेसीबीवाल्यानं भाडं घेतलं. एका वर्षी मंडपवाल्यानं बांबू रचून ठेवले होते आणि वर त्यानंच विचारलं, "तुम्ही कोण?"

त्यातल्या त्यात दिलासा होता तो शेजाऱ्याचा. अठरा नंबरवर श्रीगोंद्याकडचे सूर्यभान म्हणून एक ऊसवाले शेतकरी होते. त्यांनी दोन हजार चौदा साली तिथं पत्र्याच्या छपराच्या सहा खोल्या बांधल्या आणि कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. भाडं गोळा करायला ते महिन्यातून एकदा मोटरसायकलवर यायचे. गाठ पडली की म्हणायचे, "बाई, पानी पेता का? तुमच्या जागंवर माझं लक्ष हाय बरं. परवा एकजन ट्रक लावत हुता, हाकलला त्याला." यशोधराबाईंना बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले. अकोल्याचं घर चढावर होतं. प्रज्ञा नगरला एका लॅबमध्ये नोकरीला होती, तिच्या घराजवळ तळमजल्याच्या दोन खोल्या मिळत होत्या. तेव्हा सतरा नंबर विकायचा ठरला.

यशोधराबाईंनी दोन एजंटांना सांगितलं. आठवड्यात नऊ जणांचे फोन आले. एक म्हणाला, भाव पडलेत. दुसरा म्हणाला, भाव चढलेत पण गिऱ्हाईक नाही. तिसरा म्हणाला, गिऱ्हाईक आहे पण त्याला कोपऱ्याचा हवा. एकानं तर त्यांनाच जागा विकायला काढली. "मॅडम, एमआयडीसीच्या मागं दोन गुंठे आहेत, टायटल एकदम क्लिअर. मालकीण रिटायर नर्स आहे, एकटी बाई आहे, थोडं ताणलं की खाली येईल."

"मीच ती नर्स," यशोधराबाई म्हणाल्या.

फोनवरचा एजंट म्हणाला, "मग मॅडम, तुमची शेवटची किंमत काय?"

शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते एजंटाशिवाय. चेतन नावाचा तिशीचा मुलगा, सुप्याच्याच एका कंपनीत सुपरवायझर. त्याला स्वतःला राहायला घर बांधायचं होतं. बायकोला घेऊन आला, दोघं प्लॉटवर इकडून तिकडे फिरले, स्वयंपाकघर कुठं येईल यावर त्यांचं थोडं भांडणही झालं. यशोधराबाईंना तो आवडला. व्यवहार ठरला. फक्त कर्जासाठी बँकेच्या वकिलाला सरकारी मोजणी हवी होती.

"मावशी, नुसती फॉर्मॅलिटी आहे," चेतन म्हणाला.

पारनेरच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला, पैसे भरले, अडीच महिन्यांनी तारीख आली. मोजणीवाले साहेब आले ते काठीवर बसवलेलं एक यंत्र घेऊन. आता साखळ्या ओढायच्या नसतात, वर आकाशातून मोजतात, असं चेतननं समजावलं. साहेब माळावर काठी रोवत फिरले, हातातल्या पडद्याकडे पाहत राहिले, दोनदा परत मागे गेले. मग सूर्यभानांच्या खोल्यांना वळसा घालून आले आणि कपाळ पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचा सतरा नंबर हा नाही."

"मग?"

"तो." साहेबांनी बोट केलं ते सहा खोल्यांकडे. दोरीवर कामगारांच्या निळ्या पँटी वाळत होत्या.

यशोधराबाई हसल्या. त्यांना वाटलं, साहेबांची गल्लत झाली. "अहो, ते अठरा. हे बघा, दगडावर लिहिलंय. मी स्वतः दर वर्षी रंगवते."

"दगडावर कुणीही काहीही लिहील. मंजूर नकाशात पंधरा नंबर ओढ्याकडं आहे. इथं दगडांवर तो रस्त्याकडून मोजत आणलाय. सहाचे सहा उलटे झालेत. पंधराच्या जागी वीस, सोळाच्या जागी एकोणीस. आणि मधले दोन तुम्ही नि ते, सतरा नि अठरा, एकमेकांच्या जागेवर."

"म्हणजे मी जिथं उभी आहे ते..."

"ते अठरा. ज्याचं असेल त्याचं."

यशोधराबाई नकळत एक पाऊल मागे सरल्या, जणू कुणाच्या अंथरुणावर पाय पडला होता. साहेबांनी खुणा केल्या, पंचांच्या सह्या घेतल्या आणि ते गेले. चेतन बायकोशी हलक्या आवाजात बोलत होता. जाताना तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बघा काय ते. बँकेची मंजुरी सहा महिने आहे."

बस नगरच्या दिशेला निघाली तरी त्यांना काही उलगडेना. त्यांची जागा हरवली होती असं म्हणावं, तर ती होती. चोरली होती म्हणावं, तर चोर नव्हता. नगरला प्रज्ञाच्या घरी त्यांनी ते तेरा फोटो काढले आणि तिला दाखवले. प्रत्येक फोटोत त्या सूर्यभानांच्या जागेत उभ्या होत्या, आणि त्यांची स्वतःची जागा मागे, आधी रिकामी, मग विटा, मग भिंती, मग पत्रे.

मग सल्ले सुरू झाले. नगरचे एक वकील म्हणाले, "जमीन तुमची, तर तिच्यावरचं बांधकामही तुमचं समजा. खोल्या पाडायला लावता येतील." दुसरे म्हणाले, "असं काही बोलू नका. त्यांचा ताबा बारा वर्षांच्या वर झाला, ते मालकी सांगतील." पहिल्यांकडे परत गेल्या तर ते म्हणाले, "खोल्या चौदा सालच्या, बारा कुठे झाली? घाई करा." दुसरे म्हणाले, "ताबा खरेदीपासूनचा, म्हणजे अकरा सालापासूनचा धरायचा. आणि त्याच हिशोबानं अठरा नंबरवर तुमचाही दावा होतो." यशोधराबाईंनी घरी येऊन कागदावर दोन चौकोन काढले. एकात सतरा लिहिलं, एकात अठरा, मधे बाण काढले. प्रज्ञानं तो कागद उभा-आडवा करून पाहिला.

"आई, याचा अर्थ दोन्ही तुझे आहेत."

"किंवा एकही नाही," यशोधराबाई म्हणाल्या.

सूर्यभानांना बातमी लागली ती भाडेकरूंकडून. त्यांचा फोन आला तो तापलेलाच. "बाई, तुमी आमच्या खोल्यांवर मोजणी आनली म्हनं? इतकी वर्सं मी तुमच्या जागंची राखन केली, त्याचं हे फळ व्हय?"

"भाऊ, मी माझ्या जागेची मोजणी आणली होती. ती तुमच्याकडे निघाली."

"निघाली म्हंजे? जागा काय कोंबडी हाय का इकडून तिकडं जायला? तुमी साळवे म्हंजे कुठल्या?"

या प्रश्नाला यशोधराबाई सरावल्या होत्या. गावाचं नाव विचारत नाहीत, दुसरंच काहीतरी विचारतात, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. "अकोल्याच्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि सातबारा माझ्याच नावावर आहे. तुम्ही तुमचा काढून बघा." आणि फोन ठेवून दिला.

इकडे खोल्यांमधले कामगार बुचकळ्यात पडले. मालक नक्की कोण? पहिल्या खोलीत राहीबाई राहायची, ती कामगारांना डबे करून द्यायची. तिनं कुठून तरी यशोधराबाईंचा नंबर मिळवला. "म्याडम, आमी भाडं थांबवलंय. एकाला दिलं आन् दुसरा मागाया आला तर? पर भाड्याचं ऱ्हाऊ द्या. संडासाची टाकी भरलीय. पानी उलटं यायलंय."

"मग सूर्यभानभाऊंना सांगा."

"त्येंना सांगितलं. ते म्हनले, जागा बाईची, टाकी जमिनीच्या आत हाय, मंग टाकी बाईची."

यशोधराबाईंनी कपाळावर हात मारला. आठवड्यापूर्वी या खोल्या माझ्याच म्हणून जो माणूस फोनवर ओरडत होता, त्याला टाकी तेवढी नको होती. त्यांनीही राहीबाईला सांगून टाकलं, "खोल्या त्यांच्या, तर टाकी त्यांची." आणि मग त्यांना झोप लागेना. नर्सच्या डोळ्यांसमोर सहा खोल्या आल्या, अठरा माणसं, आणि तुंबलेला मैला. तिसऱ्या दिवशी त्या सुप्याला निघाल्या.

खोल्यांपाशी पोचल्या तर सूर्यभान आधीच तिथं होते. नाकाला उपरणं लावून टाकीच्या झाकणाकडे बघत उभे. त्यांच्याबरोबर एक सावळी, उंच बाई होती, डोक्यावरून पदर घेतलेली. त्यांची बायको बनुबाई. राहीबाईनं दोन खुर्च्या आणल्या, मग तिसरी कुठून तरी मागून आणली.

"मैला उपसायचा टँकर बोलावलाय का?" यशोधराबाईंनी विचारलं.

"कुनी बोलवायचा, त्योच तर प्रश्न हाय," सूर्यभान म्हणाले.

"माणसं आजारी पडली तर प्रश्न कोण सोडवणार आहे? बोलवा. अर्धे मी देते. मग भांडू."

टँकर आला. त्याच्या घरघराटात दोन तास कुणाला काही बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं. टँकरवाल्यानं मधेच विचारलं, "पावती कुणाच्या नावानं करू?" सूर्यभानांनी यशोधराबाईंकडे बघितलं, यशोधराबाईंनी सूर्यभानांकडे. "नावाशिवाय कर," दोघं एकदमच म्हणाले. बनुबाई तोंडाला पदर लावून हसली.

मग सूर्यभानांनी शर्टच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. त्यांनीही तालुक्याला जाऊन चौकशी केली होती. "बाई, तुमचं खरं हाय. आमचा अठरा नंबर म्हंजे ती मोकळी जागा. आन् तीबी माझ्या न्हाई, हिच्या नावावर हाय. तवा माझ्या नावावर सोसायटीचं कर्ज थकलं हुतं, म्हनून हिच्या नावानं घेतली."

यशोधराबाई बनुबाईकडे वळल्या. इतकी वर्षं त्या सूर्यभानांना मालक समजत होत्या. "तुम्ही कधी आला नाहीत इथं."

"मला कुनी आनलंच न्हाई," बनुबाई म्हणाली. "सही करायला तेवढी नेली हुती. कुठं हाय माझी जागा?"

यशोधराबाई तिला घेऊन गेल्या. चार पावलांवर तर होती. त्यांनी चारही दगड दाखवले. या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं, इथं बाभूळ सारखी फुटते, इथं एकदा राडारोडा टाकला होता, अजून विटांचे तुकडे निघतात. बनुबाई प्रत्येक ठिकाणी थांबून खाली बघत होती. मग वाकून तिनं चिमूटभर माती बोटांत चोळली, शेतकरी बाईला सवय असते तशी.

"मंग येवढी वर्सं माझी जागा तुमी झाडत हुता?"

"हो. माझी समजून."

"आन् तुमच्या जागंचं भाडं आमी खाल्लं."

"तुमची समजून."

यावर हसावं की काय करावं ते दोघींनाही समजत नव्हतं. मग बनुबाई म्हणाली, "चला, राहीबाईनं च्या ठेवलाय." चहा घेताना तिनं स्वतःच्या कपातला निम्मा चहा यशोधराबाईंच्या कपात ओतला, कारण त्यांचा कप अर्धाच भरला होता. सूर्यभानांनी ते पाहिलं आणि बाहेर टँकरवाला पाइप गुंडाळत होता तिकडे बघत बसले.

छगनशेठला शोधून काढलं. त्याचं आता सुप्याच्या बसस्टँडसमोर मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं, जमिनीचा धंदा त्यानं सोडून दिला होता. त्यानं जुना नकाशा मागे-पुढे फिरवला. "नकाशा मी बॉनेटवर पसरायचो," तो म्हणाला. "गाडीचं तोंड एकदा रस्त्याकडं असायचं, एकदा ओढ्याकडं. दगडावर नंबर टाकणारा पोरगा माझ्याकडं बघून टाकायचा. मी कुठं तोंड करून उभा होतो, ते आता कसं सांगू?" त्यानं हात जोडले. तो फसवत नव्हता, हे दिसत होतं. त्याच्यावर रागवायला तिघंही गेले होते, ते तिघंही दोन-दोन मोबाईल कव्हरं घेऊन परत आले.

मार्ग सांगितला तो पारनेरला दस्त टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या लेखनिकानं. "अदलाबदलीचा दस्त करा. सतरा यांना द्या, अठरा त्यांना. जिथं बसलाय तिथंच बसून राहा, फक्त कागद बदला." दोन्ही वकील दोन महिन्यांत जे बोलले नव्हते ते त्यानं पान जुळवता जुळवता सांगितलं.

पण सूर्यभान एकदम विचारात पडले. "म्हंजे सतरा नंबर कुनाच्या नावावर येनार?"

"ज्यांचा अठरा आहे त्यांच्या. बनुबाईंच्या," यशोधराबाई म्हणाल्या.

"आन् खोल्या?"

"खोल्या जागेवरच राहणार ना."

"खोल्या मी बांधल्यात," सूर्यभान म्हणाले. मग बायकोकडे पाहून म्हणाले, "म्हंजे मी हिच्या जागंवर बांधल्यात."

"मंग भाडं कुनाच्या हातात यायचं?" बनुबाईनं सरळ विचारलं.

लेखनिकानं चष्मा वर केला. "हा प्रश्न माझ्याकडं नाही."

सूर्यभान आठ दिवस गप्प होते. यशोधराबाईंना वाटलं, गेलं सगळं पाण्यात. चेतनच्या मंजुरीचे चार महिने सरले होते. तो दर रविवारी फोन करायचा, आणि यशोधराबाई दर रविवारी त्याला म्हणायच्या, "बाबा, माझी जागा माझी व्हायची आहे अजून." मग नवव्या दिवशी फोन आला तो बनुबाईचा. तिनं पहिल्यांदाच स्वतः नंबर लावला होता. "ताई, तारीख काढा. भाडं निम्मं-निम्मं ठरलंय आमचं."

दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. कागद तपासणाऱ्या माणसानं दस्त परत पाठवला. एका जागेच्या वर्णनात जिल्हा अहमदनगर लिहिला होता, दुसऱ्या जागेच्या वर्णनात अहिल्यानगर. "दोन्ही जागा एकाच जिल्ह्यात आहेत ना?" त्यानं विचारलं.

"एकमेकीला लागून आहेत," यशोधराबाई म्हणाल्या.

दुरुस्ती करून परत आले, तर पुढचा गोंधळ. संगणकावर बसलेल्या मुलीनं विचारलं, "लिहून देणार कोण?"

"मी," यशोधराबाई म्हणाल्या.

"आणि लिहून घेणार?"

"मीच."

"तुम्ही दोन्ही कशा असाल?"

"मी दोन्ही आहे. या पण दोन्ही आहेत."

मुलीनं शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या साहेबांना विचारलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग अंगठ्यांची पाळी आली. बनुबाईचा अंगठा यंत्राला कळेना. ऊस तोडून, गवत कापून रेषा घासल्या गेल्या होत्या. एकदा, दोनदा, पाचदा. मागची रांग चुळबुळ करायला लागली आणि सूर्यभान बायकोवर खेकसले, "नीट दाब की!" यशोधराबाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं. रुमाल पाण्यात भिजवून त्यांनी बनुबाईचा अंगठा पुसला, हळूहळू चोळून त्यात रक्त खेळवलं, आणि काचेवर स्वतः धरून ठेवला. "श्वास घ्या. हात सैल सोडा." सातव्या वेळी हिरवा दिवा लागला.

त्यानंतर फेरफाराची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, तलाठ्याकडच्या तीन खेपा. नवा सातबारा आला तेव्हा त्यावर अठरा नंबर आणि यशोधराबाईंचं नाव होतं. चेतनची मंजुरी तोवर संपली होती. नव्यानं मिळालेली थोडी कमी रकमेची होती. त्यानं तोंड वाकडं करून तसं सांगितलं, आणि यशोधराबाईंनी किंमत तेवढी खाली आणली. प्रज्ञा म्हणाली, थांब, दुसरा कुणी मिळेल. पण त्यांच्यात आता दुसऱ्याला सतरा की अठरा ही गोष्ट सांगायचं त्राण नव्हतं.

ताबा द्यायला त्या मे महिन्यात गेल्या. मोजणीवाल्यांच्या दोन खुणा टँकरच्या चाकाखाली गेल्या होत्या. सूर्यभान आणि चेतननं खोल्यांच्या भिंतीपासून फीत लावून कोपरे परत काढले. बनुबाई आली होती. तिनं सहाही खोल्या आतून-बाहेरून फिरून पाहिल्या आणि राहीबाईच्या छपराला भोक आहे असं नवऱ्याला सांगितलं. सूर्यभान म्हणाले, "बरं." चेतननं चारही बाजूंचे फोटो काढून घेतले आणि विचारलं, "मावशी, अजून काही सांगायचंय का या जागेबद्दल?"

पाणी कुठं साचतं, ते त्यांनी सांगितलं. बाभळीचं सांगितलं. मग त्यांना वाटलं की अजून काहीतरी होतं, पण ते आठवेना.

सोळा नंबरच्या मालकाचा पत्ता कुणाला ठाऊक आहे का, हे खुणा बघायला आलेला तलाठी विचारत होता. पंधरा, सोळा, एकोणीस, वीस, चारही मोकळे पडले होते आणि मालक कुठे पुण्याकडे, कुठे मुंबईकडे. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. सूर्यभान म्हणाले, "मी बगतो, कुनाचा नंबर मिळतोय का."

नगरला प्रज्ञा स्टँडवर घ्यायला आली होती. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज सकाळीच आला होता, तळमजल्याच्या खोल्यांचा बयाणा द्यायचा होता. स्कूटरवर मागे बसताना यशोधराबाईंनी गुडघा हातानं उचलून पलीकडे टाकला.

"काय गं आई, कसं वाटतंय?" प्रज्ञानं आरशातून विचारलं.

यशोधराबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "मी तेरा वर्षं जमिनीची मालकीण होते ना?"

"होतीस की."

"हं," त्या म्हणाल्या. सिग्नल सुटला. "चल, भाजी घेऊन जाऊ."